नावावरची रेघ

पहाटेची धार काढून लालासाहेब आत आले तेव्हा फोन फळीवर उजळून बसला होता. रोज ह्या वेळेला तो आपणहून उजळायचा आणि दिवसभराची कामं एकाखाली एक मांडून दाखवायचा. आदल्या दिवशी झालेली कामं रात्रीत पुन्हा कोरी होऊन आलेली असत. म्हशीच्या शेणाची आणि ह्या यादीची गत एकच, असं लालासाहेबांना वाटे. कितीही उचला, सकाळी पुन्हा तेवढंच.

धोतराला हात पुसून त्यांनी चष्मा लावला. 'म्हशी – सकाळची धार.' ओळीच्या आधी एक बारका चौकोन होता, त्यावर बोट टेकवलं. चौकोनात बरोबरची खूण उमटली, अक्षरांवरून एक रेघ सरकत गेली आणि ती ओळ तळाला जाऊन बसली. 'लालासाहेब – प्रेशरची गोळी.' गोळी तोंडात टाकून ते घोटभर पाणी प्याले, बोट टेकवलं. त्यांच्या नावावर रेघ आली. त्यानंतरची ओळ होती, 'साळूबाई – कूस बदलणे.' हे काम तर त्यांनी गोठ्यात जायच्या आधीच केलं होतं. तिला डाव्या अंगावर वळवलं होतं, पाठीमागं उशी लावली होती, टाचांखाली जुन्या लुगड्याची घडी सरकवली होती. पण त्या ओळीपाशी बोट थांबलं. लालासाहेबांनी फोन पालथा करून फळीवर ठेवला आणि ते पेज शिजवायला बसले.

साळूबाई म्हणजे त्यांची बायको. पाडवा झाला आणि चारदोन दिवसांत भाकरी थापता थापता तिच्या हातातली परात सुटली. ती तिथंच खाली बसली, आणि उजवं अंग पुन्हा उठलंच नाही. सांगलीच्या दवाखान्यात जीव वाचला, पण उजवा हात, उजवा पाय आणि निम्मी वाचा तिथंच राहिली. आता तिला 'व्हय', 'न्हाई' आणि 'पाणी' एवढं नीट बोलता येई, बाकीचे शब्द अर्ध्यात मोडत. ऐकू मात्र सगळं येई आणि समजेही सगळं.

लेक उदयसिंह साताऱ्याला कारखान्यात सुपरवायझर होता, सून संयोगिता तिथल्याच एका पतसंस्थेत. दवाखान्यातनं सोडलं त्या दिवशीच उदयसिंह म्हणाला होता, आईला साताऱ्याला नेतो, दिवसा एक बाई ठेवतो. लालासाहेब म्हणाले, ती घरीच जाईल. मग तुमीबी चला, लेक म्हणाला. ह्यावर लालासाहेबांनी म्हशी काढल्या, नदीकाठचा ऊस काढला, दाराला कुलूप लावून घर कुणाच्या जिवावर सोडायचं तेही काढलं. खरी गोष्ट त्यांनी काढलीच नाही. बायको नजरेआड गेली तर आपल्याला भाकरी जाणार नाही, ही ती गोष्ट. आणि आपण तिच्यामागं साताऱ्याला गेलो तर लेकाच्या दोन खोल्यांत पाहुण्यासारखं बूड टेकून बसावं लागेल, हीसुद्धा.

बापलेक दोघंही एकाच मुशीतले. कुणी मागं सरेना. शेवटी उदयसिंहानं तोड काढली ती ही फोनातली यादी. कारखान्यात तो सगळी कामं अशीच चालवायचा. एक काम, एक ओळ, झालं की खूण. ती खूण इथं पलूसजवळच्या गावात मारली की त्याच क्षणी साताऱ्याला त्याच्या फोनात दिसायची.

"आप्पा, एक महिना बघतो," तो म्हणाला होता. "समदी कामं येळच्या येळी झाली तर आई हितंच ऱ्हाईल, मी परत इषय काढत न्हाई. न्हाई झाली तर गाडी घिऊन येतो. मग तुमी आडवं यायचं न्हाई."

"न्हाई येत," लालासाहेब म्हणाले होते. काम म्हटलं की त्यांना भीती नव्हती. उभा जन्म त्यांनी गावच्या पाणीसंस्थेत पाटकरी म्हणून काढला. कुणाच्या उसाला कुठल्या रात्री पाणी, कुठलं दार उघडायचं, कुठलं बुजवायचं, कोण पाळी चोरतोय, सगळं डोक्यात. कागद कधी लागला नाही. कागद वाचताही येत नव्हता म्हणा. चाळिशी उलटल्यावर शाळेच्या ओसरीत साक्षरतेचा वर्ग निघाला, तिथं कंदील घेऊन नवराबायको दोघं जात. साळूबाईला स्वतःचं नाव लिहायला दिवाळीपासून संक्रांत लागली. 'ळ' काही केल्या वळत नव्हता. ज्याला अक्षर इतक्या उशिरा आलं, त्याला लिहिलेलं नाव नुसती अक्षरं वाटत नाहीत, माणूसच तिथं बसल्यासारखं वाटतं.

आणि नेमकं नावच उदयसिंहानं यादीत घातलं होतं. घरात कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. लालासाहेब बायकोला 'आगं' म्हणत, फार झालं तर 'उदयची आई'. पण लेकाचं म्हणणं, "उद्या एखादी बाई ठिवली तर तिलाबी कळलं पायजे, कुणाचं काय ते." म्हणून तीन रंगांच्या तीन पट्ट्या आल्या. म्हशी, लालासाहेब, साळूबाई.

त्या गावात जित्या माणसाच्या नावावर रेघ कुणी मारत नसे. लिहिताना चुकलं तर कागद फाडत, पाटीवर असलं तर पुसत, पण आडवी रेघ नाही. लालासाहेबांची आई गेली तेव्हा ते रेशनकार्ड घेऊन तालुक्याला गेले होते. खिडकीमागच्या माणसानं शेजारच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारत मारत लाल पेन उचललं आणि आईच्या नावावरून सरळ ओढलं. मसणात लाकडं रचताना डोळ्याला पाणी आलं नव्हतं, ते त्या खिडकीपाशी आलं. माणसाच्या नावावर रेघ एकदाच येते आणि ती कधी येते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हे लेकाला सांगायचं कसं? असलं काही तोंडानं बोलायचं नसतं. बोललं म्हणजे बोलावलं.

तर असं चाललं होतं. म्हशीच्या ओळींवर रेघ, स्वतःच्या नावावर रेघ, तिथं हात अडखळत नसे. साळूबाईच्या ओळी मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत तशाच उघड्या. आणि कामं होत होती. औषध वेळेला जाई. अंग पुसून होई. उजव्या हाताच्या बोटांत रबरी चेंडू धरून तो दाबायला लावणं, पाय गुडघ्यात दुमडणं, लघवीला भांडं देणं, चादर बदलणं, दुपारी पुन्हा कूस, संध्याकाळी पुन्हा कूस. रात्रीत दोनदा उठणं. मधे म्हशी, वैरण, डेअरीचं दूध. कंबर इतकी भरून येई की लालासाहेब चुलीपुढनं उठताना आधी भिंत धरत आणि मग विचार करत की आपण कशाला उठलो होतो.

*

"काय लाला, आज किती टिका मारल्या?" हंबीरराव ओट्यावर टेकत म्हणाला. हा त्यांचा लहानपणचा सोबती, शेजारच्या मळ्यातला. ह्या एकट्यालाच लालासाहेबांनी रेघेचं अडून अडून सांगितलं होतं.

"च्या घे गप."

"शेळीच्या कानात बिल्ला आडकवत्यात तसा लेकानं तुला फोन आडकिवलाय. म्हातारं कुठं चरतंय ते साताऱ्यास्नं दिसतंय."

"दिसू दे की. मी काय चोरी करतोय व्हय?"

"त्येच म्हणतो. काम न करता केलं म्हणणारं लय बघितलं. करून न केल्यालं दाखिवणारा तू पयलाच." हंबीररावानं बशीत चहा ओतला. "आरं मार की रेघ. फोन हाय त्यो, यम न्हाई."

"बरं. आण तुझा फोन. गंगूवहिनीचं नाव लिवतो. तू मार."

बायकोचं नाव निघताच हंबीरराव बशी फुंकत राहिला. "साखर कमी हाय," तो म्हणाला.

"मार की."

"मला त्यो फोन नीट चालवाय येत न्हाई गड्या." थोडं थांबून तो म्हणाला, "मग उदयला नाव काढाय सांग. नुसतं 'गोळी' म्हणून लिव म्हणावं."

"त्यो इचारल, का म्हणून. मग?"

हंबीररावानं रिकामी बशी पालथी घातली. आतल्या खोलीत खाटेवर साळूबाई जागी होती. ती काही बोलली नाही, बोलायला तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

एकदा दुपारी मात्र घोटाळा झाला. तिला पेज भरवताना फोन वाजायला लागला, डेअरीवाल्याचा. लालासाहेबांनी खरकट्या हातानं तो बंद करायला बोट फिरवलं आणि ती यादीच उघडली. पेजेनं बोट घसरलं. बघतात तर 'साळूबाई – दुपारची गोळी'वरून रेघ सरळ निघून गेलेली. ओळ खाली तळाला, म्हशीच्या धारेशेजारी जाऊन पडली. ते चौकोनावर बोट दाबत राहिले, ओली काच ऐकेना. तेवढ्यात इकडं साळूबाईला ठसका लागला. पेज उलटी आली, डोळे पांढरे झाले. फोन टाकून त्यांनी तिला बसती केली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडातनं बोटानं घास काढला. बऱ्याच वेळानं तिचा श्वास ठिकाणावर आला. मग त्यांनी काच पुसून ती खूण काढली. रेघ गेली. आपण फोनात मान घातली म्हणून तिला ठसका लागला, हे त्यांना कळत होतं. रेघ ओढली गेली म्हणून लागला, असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं वाटत होतं, आणि त्यातलं कुठलंही एक सोडून द्यायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

संध्याकाळी उदयसिंहाचा फोन. पाठीमागं मशिनींचा खडखडाट.

"आप्पा, आजबी आईची एक टिक न्हाई. एक पडली हुती, ती बी काढलीसा."

"झालं समदं. गोळी दिली, पेज दिली."

"दिली तर मारत का न्हाई?"

"इसरलो."

"म्हशीचं इसरत न्हाई. सवताची गोळी इसरत न्हाई. आईचंच बरं इसरताय."

"येळ घावत न्हाई रं."

"म्हंजे कामच हुईत न्हाई." खडखडाट मागं पडला, लेक मशिनीपासनं लांब आला होता. "आप्पा, तुमास्नी राग यील, पर मी काय समजायचं?"

लालासाहेबांनी फोन बंद करून फळीवर पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या परीनं एक उपाय केला. कुठलीच खूण मारायची नाही, म्हशींचीही नाही, आपलीही नाही. निदान म्हशी पुढं आणि बायको मागं असं तरी दिसायला नको. झालं उलटंच. ऊन चढायच्या आत हंबीरराव बांधावरनं धापा टाकत आला. "जित्ता हाईस व्हय? उदयचा फोन. आप्पाची कायच हालचाल न्हाई, दार मोडून बघा म्हणतोय. माझा निम्मा पाट तसाच फुटलाय तिकडं." मग पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं.

*

महिना भरला तो रविवार होता. गाडीचा आवाज आला तेव्हा लालासाहेब साळूबाईची वेणी घालत होते. त्यांनी हात थांबवला नाही. वेणी वाकडी व्हायची ती आजही वाकडीच होत होती.

उदयसिंह आत आला, वाकून दोघांच्या पाया पडला आणि खाटेशी उभा राहिला. संयोगितानं पिशवी खाली ठेवली. गाडीच्या मागच्या सीटवर गादी आणि दोन उशा टाकलेल्या दारातनं दिसत होत्या.

"मामा, तुमी जरा भाईर बसा," संयोगिता म्हणाली. "मी आत्याबाईंचं अंग पुसते."

"पुसलंय सकाळी."

"असू दे. मला बघू दे."

बापलेक ओट्यावर जाऊन बसले. म्हशी रवंथ करत होत्या. बराच वेळ उदयसिंह त्यांच्याकडंच बघत राहिला.

"ठरल्यालं ठरल्यालं असतंय, आप्पा," शेवटी तो म्हणाला.

"व्हय."

"मी काय वैरी न्हाई तुमचा."

"मी कवा म्हटलं."

संयोगिता बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फळीवरचा फोन होता. ती नवऱ्याशेजारी टेकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पाठीवर एक व्रण न्हाई. टाचा स्वच्छ. नखं कापलेली. औषधाच्या पट्ट्यांतल्या गोळ्या जेवढ्या जायला पाहिजे तेवढ्या गेल्यात."

"मग टिका?"

तिनं यादी वरखाली केली. म्हशी, रेघ. लालासाहेब, रेघ. साळूबाई, कोरं. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. मग तिनं सासऱ्याकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते.

"मामा," ती म्हणाली, "ह्याच्यावर रेघ येते, म्हणून?"

लालासाहेबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"कसली रेघ?" उदयसिंह म्हणाला.

"नावावर. टिक केली की नावावर रेघ येते." ती नवऱ्याला म्हणाली, "आमच्याकडं दहिवडीला टँकर यायचा तेव्हा पाणी भरायच्या पाळ्या आजी भिंतीवर खडूनं लिहायची. ज्याची झाली त्याचं नाव ओल्या फडक्यानं पुसायची. एकदा चुलत्यानं पुसायच्या ऐवजी कोळशानं रेघ मारली. आजीनं चारचौघांत त्याच्या थोबाडीत दिली. लग्न झालेला बाप्या होता तो."

उदयसिंह बापाकडं बघत राहिला. "सवताच्या नावावर मारलीया की ह्यांनी."

"तेच तर म्हणतेय मी."

मग उदयसिंह पायरीवर खाली सरकून बसला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं.

"महिनाभर," तो म्हणाला. "जेवताना फोन, मशिनीवर फोन. झोपंतनं उठून फोन. आईची टिक न्हाई. मला वाटायचं, तुमी तिला तशीच टाकून म्हशीकडं जाताय."

"आसं वाटलं तुला?"

"फोनात तसंच दिसत हुतं, आप्पा."

लालासाहेबांनी हाताखालचा ओटा घट्ट धरला. ह्याच ओट्यावर त्या पोराला त्यांनी चालायला शिकवलं होतं. राग यायला हवा होता, तोही अर्ध्या वाटेत दमून बसला.

"द्या हिकडं, ती यादीच काढून टाकतो," उदयसिंह म्हणाला. संयोगिताच्या हातनं त्यानं फोन घेतला, दोनचार ठिकाणी दाबलं, आणि त्याचा हात थांबला.

"काय झालं?" संयोगितानं विचारलं.

"त्यो इचारतोय, साळूबाई कायमची काढून टाकायची का म्हणून."

"नगं," लालासाहेब पटकन म्हणाले. "ऱ्हाऊ दे तशीच."

संयोगिताला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला. उदयसिंहही हसला, पण त्याचे डोळे भरले होते. संयोगितानं फोन घेतला, पट्टीवरचं नाव पुसून तिथं नुसतं 'रोजचं' लिहिलं, आणि खालच्या ओळींत गोळी, पेज, कूस एवढेच शब्द ठेवले. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळाचं ते काम होतं.

"झालं," ती म्हणाली. "आता माराल?"

"मारीन."

लालासाहेबांना वाटलं, मिटलं. गाडी मोकळी जाईल. ते उठायला गेले. हात भिंतीकडं गेला, पण ओट्यावर भिंत नव्हती. ते तसेच अर्धे वाकलेले राहिले. उदयसिंहानं त्यांना दंडाला धरून परत बसवलं. दंड त्याच्या हातात काठीसारखा लागला.

"आप्पा," तो म्हणाला, "टिकांचं ऱ्हाऊ दे. तुमी दमला न्हाई का?"

महिनाभर ह्या लेकानं फोनवरनं पुष्कळ विचारलं होतं. गोळी दिली का, कूस बदलली का, मारली का, का मारली नाही. हे पहिल्यांदाच. लालासाहेब खोटं बोलायला तोंड उघडत होते. एक शब्द बोललं तर हातातली गोष्ट जाईल, हे त्यांना दिसत होतं. पण खोटं बोलायलाही थोडी ताकद लागते.

"दमलोय," ते म्हणाले. आणि लगेच, "पर तिला नेऊ नगं."

आतनं आवाज आला. खाटेवर डाव्या हाताची बांगडी आपटत होती. तिघंही आत गेले. साळूबाई उशीवरनं मान उचलायचा प्रयत्न करत होती, तोंड डावीकडं ओढलं गेलं होतं.

"पाणी पायजे?" लालासाहेबांनी विचारलं.

"न्हाई."

"आई," उदयसिंह खाटेशी बसला. "साताऱ्याला येतीस?"

तिनं लेकाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. ओठ जुळवले, सुटले, पुन्हा जुळवले. "दो," ती म्हणाली. "दो... घं."

"दोघं?"

"व्हय."

"आगं, म्हशी?" लालासाहेब म्हणाले.

"दे."

"ऊस हाय. घर हाय."

तिनं डोळे मिटले आणि उघडले. घराचं तिला काही म्हणायचं नव्हतं. तिनं चांगल्या हातानं नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक पकडलं आणि दाराकडं, जिथनं गाडी दिसत होती तिकडं, ओढलं. लालासाहेब खुळ्यासारखे उभे राहिले. ज्या घरात तिला ठेवायला आपण महिनाभर हाडाची काडं केली, ते घर ती अशी हातावेगळी करतेय, ह्याचा त्यांना आता खरंच राग आला.

"मग आदी का बोलली न्हाईस?" ते म्हणाले.

साळूबाई त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं सगळा जीव तोंडाशी आणला. "इचा... रलं," ती म्हणाली, आणि दम खाऊन पुढचा शब्द स्वच्छ म्हणाली, "न्हाई."

संयोगितानं तोंड फिरवलं. लालासाहेब खाटेच्या कडेला बसले. खरंच कुणी विचारलं नव्हतं. तिचं औषध विचारलं होतं, तिची पाठ विचारली होती, तिचं नाव किती जपलं होतं.

*

संध्याकाळचे पाच वाजायच्या सुमारास हंबीरराव दावं घेऊन आला. शेवटची धार लालासाहेबांनीच काढली. हंबीररावानं दोन्ही म्हशींच्या पाठीवरनं हात फिरवला, उगाच शिंगं तपासली.

"लय माजल्यात," तो म्हणाला. "माझ्याकडं काय पेंड मिळायची न्हाई रोज."

"मोठीला उजव्या अंगानं बस. डाव्या अंगानं लाथ मारती."

"ठावं हाय. मला बसलीया तिची." हंबीरराव दावं सोडत म्हणाला, "दूध माझं. परत मागाय यायचं न्हाई."

"येणार."

"कवा?"

"ती चालाय लागली की."

हंबीररावानं त्यांच्याकडं बघितलं नाही. "ये मग," तो म्हणाला. "तवर उसाच्या पाळ्या मी बघतो. पर तुझ्यागत डोस्क्यात न्हाई ऱ्हात माझ्या. फोन करून इचारीन, तिकडनं सांग."

थोरली म्हैस गोठ्याच्या दारात अडून उभी राहिली. हंबीररावानं ओढलं, ती हलेना. लालासाहेबांनी मागनं जाऊन तिच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला, तेव्हा ती चालायला लागली. बांधाच्या वळणापर्यंत ते तिथंच उभे होते. मग गोठ्यात येऊन त्यांनी सवयीनं झाडू उचलला, उरलेलं शेण लोटलं, आणि आता हे कुणासाठी लोटतोय हे लक्षात आल्यावर झाडू भिंतीला लावून ठेवला.

घराला कुलूप संयोगितानं लावलं. किल्ली तिनं त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी कमरेच्या पिशवीत ठेवली. उदयसिंहानं आईला उचलून गादीवर ठेवलं. लालासाहेब तिच्या पायाशी, सीटच्या टोकाला अंग चोरून बसले. साताऱ्याला पोचल्यावर काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. तिथं दारात बसायला ओटा नाही, हाक मारायला बांधापलीकडं कुणी नाही. दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर.

गाडी नदीच्या पुलावर आली. उसाच्या फडांवरनं गार वारा येत होता. संयोगिता मागं वळली.

"मामा, आत्याबाईंची संध्याकाळची गोळी जेवणाआधी का नंतर?"

उत्तर आलं नाही. लालासाहेबांची मान काचेला टेकली होती, उघड्या तोंडानं बारीक घोरणं चाललं होतं, टोपी सरकून कानावर आली होती. एक हात साळूबाईच्या पावलावर तसाच राहिला होता. संयोगिता पुन्हा विचारणार, तेवढ्यात साळूबाईनं आपलं डावं बोट ओठांवर ठेवलं.

उदयसिंहानं आरशात बघितलं आणि पुढच्या गतिरोधकाला गाडी अगदी हळू केली.